वरिष्ठ वेतनश्रेणीच्या नावाखाली सुट्टीतलं बोगस प्रशिक्षण : आम्हा 12 शिक्षकांचे 44,650 रुपये गेले

शिक्षक बंधू भगिनींनो, थोडं मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा. सुट्टी लागायच्या आसपास अशा लिंक परत फिरायला लागतात आणि आमच्यासारखे अजून कुणी त्यात जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

मी सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. माझी सेवेची 12 वर्षं 2023 ला पूर्ण झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी, म्हणजे पगाराची वरची पायरी मिळते पण त्यासाठी ठरलेलं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं, प्रस्तावाला त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. 2022 ला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते ऑनलाइन घेतलं, इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड या वेबसाइटवर, फी 2,000 रुपये. तेव्हा माझी 12 वर्षं झालेली नव्हती. नंतर पुढची बॅच कधी, कधी म्हणून आम्ही सगळे वाट बघत बसलेलो, जो तो केंद्रप्रमुखांना (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, त्याचे प्रमुख) तेच विचारायचा. ही वाट बघणारी माणसंच त्यांनी बरोबर हेरली.

2024 ची लोकसभा आठवते ना. आमच्याकडे 7 मेला मतदान झालं. आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायला गेलेली मी 8 तारखेला पहाटे घरी आले, अंग नुसतं ठणकत होतं. 9 तारखेला दुपारी फोन. "नमस्कार मॅडम, प्रशिक्षण विभागातून बोलतोय." माझं पूर्ण नाव, शाळेचं नाव, केंद्र, सेवेत रुजू झाल्याची तारीख सगळं त्याने सांगितलं. म्हणाला तुमची 12 वर्षं झालीत, वरिष्ठ वेतनश्रेणीच्या उन्हाळी बॅचमध्ये तुमचं नाव घेतोय. मला वाटलं एवढी माहिती ऑफिसशिवाय कुणाकडे असणार. आता कळतंय की आमच्या सेवाज्येष्ठता याद्या, ट्रेनिंगच्या याद्या, मोबाइल नंबरसकट पीडीएफ, दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पडत असतात. त्या कुणाच्याही हातात जाऊ शकतात. समोरच्याला तुमची रुजू तारीख माहीत आहे म्हणजे तो खात्याचा माणूस आहे असं अजिबात समजू नका.

मी विचारलं, सर पत्र कुठंय? कारण आपल्याकडे पत्राशिवाय काही होत नाही हे मलाही कळतं. त्यावर त्याने जे सांगितलं ते ऐका. "मॅडम आचारसंहिता चालू आहे, पत्र जाहीर करता येत नाही, 4 जूनला निकाल लागला की मागून पत्र निघेल, पण सुट्टी वाया जाऊ नये म्हणून प्रशिक्षण आधी उरकायची तोंडी परवानगी आहे." मी तर निवडणुकीच्या ड्युटीवरूनच आलेली, आचारसंहिता हा शब्द दोन महिने रोज कानावर पडत होता, त्यामुळे मला ते शंभर टक्के पटलं. वर म्हणाला उद्या अक्षय्य तृतीयेची सुट्टी आहे, संध्याकाळपर्यंत नोंदणी बंद होतेय. फी 2,000. आधीच्या प्रशिक्षणाची होती तेवढीच. जास्त मागितली असती तर कदाचित मी थांबले असते.

पैसे फोनपेने पाठवताना स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं, कुठल्या कार्यालयाचं नाही. ते पण मी विचारलं. तर म्हणे हे लेखापालांचं खातं आहे, आचारसंहितेत शासकीय खातं वापरता येत नाही. इथे मी थांबायला पाहिजे होतं. सरकारी फी कधीच कुणाच्या वैयक्तिक खात्यावर जात नाही, ती पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून भरायची असते आणि पावती तिथेच निघते. निवडणूक असो नाहीतर काही असो. मला शंका आली होती, प्रश्न तोंडातून निघाला होता, उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. याचं मला आजही वाईट वाटतं.

पण खरं वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं.

त्या माणसाने सांगितलं की तुमच्या केंद्रातले अजून शिक्षक असतील तर तुम्ही गटप्रमुख व्हा, 10 च्या वर नावं झाली तर तुमचं पोर्टल शुल्क माफ. मी त्याच दुपारी फोन लावले. शेजारच्या शाळेतल्या मॅडम, डी.एड.ची मैत्रीण, तिचे मिस्टर तेही शिक्षक, आणि आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी ज्यांची त्या वर्षी 24 वर्षं पूर्ण होत होती आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. अशी 11 नावं झाली. कुणीही त्या माणसाला एक फोन केला नाही, कुणी पत्र मागितलं नाही, कारण सांगणारी मी होते. आठ जणांनी मला फोनपे केलं, तिघांनी रोख आणून दिले. गुरुजी भर उन्हात मोटरसायकलवर घरी आले, शंभर-शंभरच्या नोटा मोजून दिल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई तुम्ही होता म्हणून कळलं, नाहीतर माझं राहूनच गेलं असतं."

12 जणांचे 24,000 मी त्या खात्यावर टाकले. दोन दिवसांनी पोर्टल शुल्क 500 अधिक जीएसटी म्हणजे 590, माझे माफ, बाकी 11 जणांचे घेतले. माझे 590 वाचले म्हणून त्या दिवशी मला बरं वाटलं होतं हेही इथे लिहिते कारण लपवायचं काही नाही.

15 मे ते 24 मे रोज पाच तास झूमवर. शैक्षणिक धोरणात दर वर्षी 50 तासांचं सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाचं जे सांगितलंय ना, त्याचाच हवाला, 10 दिवस गुणिले 5 तास. म्हणजे खऱ्या धोरणातला खरा आकडा घेऊन त्यावर खोटं उभं केलेलं. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. आमचं घर मळ्यात, घरात रेंज नाही, मी लिंबाखाली बाज टाकून मोबाइल धरून बसायचे, मुलाला आजोळी जायचं होतं ते पुढं ढकललं. आणि शिकवत काय होते? एक जण निपुण भारतच्या, म्हणजे मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या स्लाइड वाचून दाखवायचा, अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्या यादीतले नंबर एकामागोमाग एक वाचायचा, मध्ये एकही उदाहरण नाही, एकही वर्गातला अनुभव नाही. चॅट बंद, सगळे म्यूट. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला मेसेज केला की अगं हा माणूस वर्गावर कधी उभा राहिलाय असं वाटत नाही. मी तिला लिहिलं, जाऊदे, प्रमाणपत्राशी मतलब. आपण इतकी रटाळ प्रशिक्षणं सहन केलेली असतात की रटाळपणावरून आपल्याला संशयच येत नाही. आणि खरी चांगली प्रशिक्षणंही आपण केलीत की, लॉकडाऊनमध्ये दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर निष्ठा या शिक्षक प्रशिक्षणाचे 18 मॉड्यूल केले, एक रुपया लागला नाही, भाषेच्या मॉड्यूलमधलं मी अजून वर्गात वापरते.

शेवटच्या दिवशी मूल्यांकन व प्रमाणपत्र पडताळणी म्हणून आणखी 1,180. आता 10 दिवस घातलेत तर एवढ्यासाठी कशाला सोडायचं म्हणून बाराही जणांनी भरले. त्यांनी तीन टप्पे का केले ते आता लक्षात येतं, पहिल्याच दिवशी 3,770 मागितले असते तर निम्म्यांनी तरी विचार केला असता.

प्रमाणपत्र ईमेलवर आलं. वर राजमुद्रा, बाजूला लोगो, खाली संचालक म्हणून सही पण नाव नाही, कोपऱ्यात क्यूआर कोड. तो कोड मी तेव्हा स्कॅन करून बघितला नाही. जुलैमध्ये बघितला तर गुगल ड्राइव्हवर ठेवलेला त्याच प्रमाणपत्राचा फोटो उघडला. बाराही जणांच्या कोडमधून माझंच प्रमाणपत्र उघडत होतं.

पत्र काही येईना. 6 जूनला आचारसंहिता संपली तसा मी फोन केला, तर म्हणाला विधान परिषदेची लागलीय, 26 जूनपर्यंत थांबा. ती निवडणूक मुंबई, कोकण आणि नाशिकची होती, आमच्या विभागात नव्हतीच. तिथे माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सेवापुस्तकाची प्रत, गोपनीय अहवाल, प्रमाणपत्र असा प्रस्ताव घेऊन पंचायत समितीत गेले. क्लार्कने प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, म्हणाले, "मॅडम हे कुठनं आणलं? असं कुठलं प्रशिक्षणच नाही झालेलं." ते रागावून बोलले नाहीत. उलट खुर्ची दिली, पाणी दिलं. तिथूनच मी त्या नंबरवर फोन लावला तर बंद. झूमचा ग्रुप डिलीट.

पैशाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, असं काही झालं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत बँकेला थांबवता येतात. आम्ही दीड-पावणेदोन महिन्यांनी गेलो. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस ठाण्यात गेलो, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट सगळं दिलं. नंतर कळलं त्या खात्यात शे-सव्वाशे रुपये शिल्लक होते.

आणि पोलीस ठाण्यात जे साहेब होते त्यांनी एक सांगितलं ते मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. ते म्हणाले मॅडम, या 11 जणांनी पैसे तुमच्याकडे दिलेत, त्या माणसाकडे नाही. यातल्या एकाने जरी तुमच्यावर तक्रार दिली तर पहिला जबाब तुमचा. माझे हातपाय गार पडले. माझ्या सहकाऱ्यांचे उपकार की सगळ्यांनी सोबत येऊन जबाब दिले. पण म्हणून सांगते, कुठल्याही प्रशिक्षणाचे, पुरस्काराचे, वर्गणीचे दुसऱ्यांचे पैसे स्वतःच्या खात्यातून पुढे पाठवू नका. गटप्रमुख, समन्वयक, जिल्हा प्रतिनिधी असली पदं कुणी फोनवर देत असेल तर ते तुमच्या गावातला तुमचा शब्द विकत घेत असतात.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. पत्र आलं की आधी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः टाइप करून शोधायचं, मेसेजमधल्या लिंकवरून जायचं नाही. मग केंद्रप्रमुख साहेबांना फोन, तरी शंका असेल तर डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला विचारायचं. तिथले अधिव्याख्याता फोन उचलतात, नीट सांगतात, आपणच विचारायला लाजतो. "तोंडी परवानगी" हा शब्द आला की फोन ठेवायचा. आणि सुट्टीत शिकायचंच असेल तर दीक्षा आहे, स्वयम हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, तिथले कोर्स फुकट शिकता येतात, स्वयमवर परीक्षा देऊन प्रमाणपत्र पाहिजे असेल तरच तिची फी, तीही आपल्या लॉगिनमधून.

दहा जणांचे पैसे मी हळूहळू परत केले. काहींनी नको म्हटलं, तरी दिले. मिस्टरांना आधी सांगितलं नव्हतं, मग सांगितलं, ते काही बोलले नाहीत. सोसायटीचा हप्ता चालू होता त्यामुळे दिवाळीपर्यंत वेळ लागला. गुरुजींकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि पाकीट परत माझ्या पिशवीत ठेवलं. म्हणायचे, "बाई तुम्ही काय मला फसवलंय का."

2025 ला खरं प्रशिक्षण लागलं. संकेतस्थळावर पत्र बघितलं, केंद्रप्रमुखांना विचारलं, क्लार्कनाही विचारलं, मग स्वतः बसून फॉर्म भरला, 2,000 रुपये पोर्टलवर भरले, पावती निघाली तिची झेरॉक्स काढून ठेवली. बाकीच्या मैत्रिणींनाही मी फक्त पत्र पाठवलं आणि सांगितलं की स्वतः बघा, स्वतः भरा. संध्याकाळी गुरुजींना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, पावती आली का? मी आली म्हटलं. बरं झालं म्हणाले.

प्रशिक्षण 2 जूनला सुरू झालं. गुरुजी 31 मेला निवृत्त झाले. त्यांचे 3,770 रुपये पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवलेत, त्यावर त्यांचं नाव लिहिलंय.