भोपळ्याचं लांबुडकं रोप: सावरायचं की नव्याने पेरायचं?

दिव्याखाली वाढवलेलं भोपळ्याचं रोप उजेड कमी पडून वीतभर उंच, दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलं, की दोन वाटा उरतात.

सावरायचं असेल तर आधी दिवा खाली आणा. साध्या एलईडी ट्यूबसाठी शेंड्यापासून १०-१५ सेंमी अंतर पुरतं. रोज १४ ते १६ तास उजेड, बाकी अंधार. पण लांबलेलं देठ पुन्हा आखूड होत नाही, नवी पेरंच काय ती जवळजवळ येतील. देठाला काडीचा आधार द्या, बुडाशी थोडी कोरडी माती चढवा. फार नको, ओल्या मातीत कोवळं देठ सडतं. एक बघा: दिवा फार जवळ गेला तर पानं वरून पांढुरकी, करकरीत होतात. खालची दोन जाड बीजपत्रं, म्हणजे बियातून आधी निघणारी पानं, पिवळी आणि माती चिकट ओली असेल, तर दोष दिव्याचा नाही, तुमच्या झारीचा.

नव्याने पेरणं मात्र वाटतं तितकं मागे नेत नाही. २५-३० अंश उबेत भोपळ्याचं बी आठवड्याभरात उगवतं. मुळं दुखावलेली या पिकाला खपत नाहीत, म्हणून थेट मोठ्या कुंडीत पेरा आणि कोंब दिसला त्याच दिवशी दिवा लावा.

बीजपत्रांनंतरचं खरं पान फुटलेलं असेल तर मी रोप ठेवतो. नुसती बीजपत्रं आणि लोळलेलं देठ असेल, तर जीव न गुंतवता दुसरं बी टोचतो. जुनं रोप शेजारी राहू द्यावं, कधीकधी तेच पुढे जातं.