यशिका इलेक्ट्रो ३५ आणि यशिका मॅट १२४जी, वर्षभर मुंबईत वापरून

ऑफिसातल्या दोघांनी आणि माझ्या मावसभावाने एकाच महिन्यात विचारलं की फिल्म कॅमेरा घ्यायचाय, सुरुवात रेंजफाइंडरपासून करू की डायरेक्ट मिडियम फॉरमॅट (मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा) घेऊ, तेव्हा म्हटलं एकदा सविस्तरच लिहावं. माझ्याकडे दोन्ही आहेत. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी रेंजफाइंडर घेतला, यशिकाचा इलेक्ट्रो ३५ जीएसएन, आणि नंतर थंडीत मिडियम फॉरमॅटचा मॅट १२४जी. दोन्ही सेकंडहँडच, नवीन आता मिळतच नाहीत. आधीच सांगतो, चालता चालता फोटो काढणारे असाल तर रेंजफाइंडर घ्या, एका जागी थांबून काढणारे असाल तर मिडियम फॉरमॅट. आणि दोन्हीपैकी काहीही घ्या, कॅमेऱ्याला जेवढे पैसे द्याल त्याच्या निम्मे तरी सर्व्हिसिंगला बाजूला ठेवा, ते नसतील तर अजून दोन महिने थांबा पण ठेवा.

आधी इलेक्ट्रो. हे मॉडेल १९६६ला आलं, माझा जीएसएन प्रकार १९७३चा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. हातात घेतला की पहिलं जाणवतं ते वजन, पाऊण किलोच्या आसपास, गळ्यात दिवसभर घालून फिरलं की संध्याकाळी मान बोलते. लेन्स ४५ एमएम एफ १.७ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), ती काढून दुसरी लावता येत नाही, पण खरं सांगू का, या लेन्ससाठीच हा कॅमेरा घ्यावा. संध्याकाळी साडेसहाला लालबागच्या कारखान्यात ट्यूबलाइटखाली मूर्तीचे डोळे रंगवत होते, तिथे चारशे एएसएच्या रोलवर (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) एफ १.७ उघडून काढलेले फोटो बघून मी स्वतः गप्प झालो. शाडूचा ओलसरपणा दिसतोय, कारागिराच्या नखातला रंग दिसतोय.

रेंजफाइंडर म्हणजे काय ते ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी. यात एसएलआरसारखा आरसा नसतो, तुम्ही लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघता. मधोमध एक पिवळट चौकोन असतो, त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते, फोकसची रिंग फिरवत गेलं की त्या दोन प्रतिमा सरकत जवळ येतात आणि एकावर एक बसल्या की फोकस झाला. बस. आठवड्याभरात हाताला सवय होते. आरसा नाही म्हणून खटॅक आवाज नाही, लेन्समधल्या पाकळ्यांच्या शटरचा, लीफ शटरचा, बारीकसा टिक, लोकलमध्ये शेजारच्यालाही कळत नाही. ते एका दृष्टीने चांगलं आणि एका दृष्टीने जबाबदारीचं, कोणाचा फोटो काढताय त्याला नजरेने तरी विचारा, आपल्याकडे लोक बहुतेक वेळा हसून मान डोलावतातच.

लेन्समधून बघत नाही याचा तोटा मला पहिल्याच रोलला कळला. सकाळी साडेपाचला उठून ससून डॉकला गेलो, कोळणी, टोपल्या, बर्फ, सगळं समोर, मी फोटो काढतोय काढतोय आणि आठव्या फोटोनंतर लक्षात आलं की लेन्सवर कॅप तशीच आहे. खिडकीतून तर सगळं छान दिसत होतं! या कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं मीटरसुद्धा लेन्समधून नाही, पुढच्या बाजूला वेगळ्या छोट्या खिडकीत आहे, त्यामुळे तेही सांगत नाही. ते आठ फोटो गेले आणि त्यातला एक म्हातारीचा होता जी बर्फावर पाय टेकून बिडी पेटवत होती, तो अजून डोळ्यासमोर आहे. त्या दिवसापासून ५५ एमएमचा यूव्ही फिल्टर लावलाय आणि कॅप घरी.

एक्स्पोजर सोपं आहे. अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तुम्ही लावायचं, शटर स्पीड म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते कॅमेरा स्वतः ठरवतो. बटण अर्धं दाबलं की लाल दिवा लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर स्पीड कमी, हात हलेल, काहीच नाही लागलं तर बिनधास्त दाबा. पूर्ण मॅन्युअल मात्र नाही. कोणी खिडकीसमोर उभं असेल आणि चेहरा काळा पडणार असं वाटलं तर एएसए डायल चारशेवरून दोनशेवर आणायची, फोटो काढायचा आणि परत चारशेवर करायची (हे परत करायचं विसरू नका).

बॅटरी हा मोठा प्रश्न आहे आणि यावरूनच अनेक जण चांगले कॅमेरे मोडीत काढतात. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. त्याऐवजी ६ व्होल्टची ४एलआर४४ घालायची, ती आकाराने लहान असते म्हणून भोवती कागदाची सुरळी आणि टोकाला स्प्रिंग, झालं. व्होल्टेजमधला तेवढा फरक सर्किट सांभाळून घेतं. मी लॅमिंग्टन रोडवरून आणली, स्प्रिंग जुन्या टॉर्चचा. बॅटरी नसेल तर कॅमेरा चालल्यासारखा वाटतो, शटर उडतं, पण प्रत्येक वेळी १/५०० सेकंदालाच, म्हणून दुकानात "देखो चल रहा है ना" म्हणून दोनदा क्लिक करून दाखवला तर त्याला काही अर्थ नाही. स्वतःची बॅटरी घेऊन जा. मागचं छोटं बटण दाबून हिरवा दिवा बघा, मग अॅपर्चर बारीक करून अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरून दाबा, शटर उघडून थांबलेलं ऐकू आलं पाहिजे. अजून एक, रोल पुढे घ्यायचा लिव्हर ओढताना आतून ठक असा आवाज यायला हवा. तो नसेल तर आतला छोटा रबरी पॅड वयोमानाने झिजलाय, मग एक्स्पोजर भरवशाचं राहत नाही. दुरुस्त होतो, पण वरचं कव्हर उघडावं लागतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

कुठे घ्यायचा? सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात आधी नुसते फिरा, काही घेऊ नका, हातात घेऊन बघा. चोर बाजारात मटण स्ट्रीटला शोभेचे कॅमेरे खूप असतात, घासून चकचकीत केलेले, तिथे पारखी नजर लागते. मला एका दुकानदाराने (नाव लिहीत नाही) पहिल्यांदा जो कॅमेरा "एकदम क्लीन पीस" म्हणून दिला त्याच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती, मी तिथे ट्यूबलाइटकडे धरून बघितला होता, दिसली नाही, घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारला तेव्हा दिसली. परत करायला तीन चकरा आणि बरीच वादावादी झाली. तेव्हा टॉर्च तिथेच मारा, दुकानदाराला आवडो न आवडो. आणि रेंजफाइंडर तपासायला कॅमेरा घेऊन रस्त्यावर या, लांबच्या इमारतीच्या टोकावर इन्फिनिटीला (रिंगवरच्या सगळ्यात लांबच्या खुणेला) फोकस करा, दोन प्रतिमा तंतोतंत बसल्या पाहिजेत, एक वर एक खाली असेल तर सर्व्हिसिंग आलंच.

माझा नंतरचा पीस साडेसहा हजारांना मिळाला आणि सर्व्हिसिंगला अडीच हजार लागले. फोर्टातल्याच एका जुन्या काकांकडे केलं. त्यांनी मागच्या दाराचा फोम बदलला, तो पन्नास वर्षांत डांबरासारखा चिकट झालेला असतो आणि उजेड आत शिरतो. काका म्हणाले, "हे कॅमेरे वापरून खराब होत नाहीत रे, कपाटात ठेवून होतात."

ते मुंबईत तर शंभर टक्के खरं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा अजिबात ठेवू नका, दिसायला कितीही देखणी असली तरी चामडं ओल धरून ठेवतं. मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलची पाकिटं आणि आत एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा ठेवलाय, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असला की झालं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पीठ लेन्सच्या कडेत जातं.

आता मॅट १२४जी. हा दोन डोळ्यांचा, टीएलआर, वरच्या लेन्सने आपण बघायचं आणि खालच्या ८० एमएम एफ ३.५ लेन्सने फोटो निघतो. १९७० ते १९८६ बनत होता. यात १२० रोल लागतो, तोच जो आपल्याकडे घराघरात असलेल्या अग्फा क्लिक थ्रीमध्ये लागायचा. हा रोल १९०१पासून चालत आलाय आणि अजून नवीन मिळतो याचं मला खरंच अप्रूप वाटतं. एका रोलमध्ये बाराच फोटो, चौकोनी. निगेटिव्ह ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे इलेक्ट्रोत लागणाऱ्या पस्तीस एमएम रोलच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पटीहून मोठी, लाइटबॉक्सवर ठेवली की भिंगाशिवाय चेहरे ओळखू येतात.

आपल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, त्या दोन डोळ्यांचाच रोलीफ्लेक्स घेऊन गर्दीत पळत काम करायच्या. मला ते जमत नाही. वरून बघताना चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, दादरच्या फुलबाजारात माणूस उजवीकडे चाललाय म्हणून कॅमेरा वळवावा तर तो चित्रातून बाहेर, पहिले दोन रोल यातच गेले. मग मी हलणारं काही काढणंच सोडलं आणि तिथून हा कॅमेरा मला आवडायला लागला.

गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत आजीचा फोटो काढला. मोबाइल समोर धरला की आजी ताठ होते, पदर सारखा करते, चेहरा पासपोर्टसारखा. या कॅमेऱ्यात मी पोटाशी धरून मान खाली घालून बघतोय, तर आजी म्हणाली, "खाली काय बघतोस रे, इकडे बघ की." म्हटलं, आजी तूच दिसतेयस खाली. तिला खरंच वाटेना, उठून आली, काचेत समोरच्या खोलीतल्या वहिनी कपडे वाळत घालताना बघितल्या, खूष झाली आणि परत जाऊन बसली ती स्वतःच्या नेहमीच्या बसण्यात बसली, एक पाय दुमडून. तो सहावा फोटो. त्याची दहा इंची प्रिंट काढलीय, हातावरचं गोंदण मोजता येतं.

घेताना काय बघायचं. एक सेकंदाचं शटर लावून स्वतः "एक हजार एक" म्हणत मोजा, अडकत असेल तर आतलं ग्रीस सुकलंय. सेल्फ टायमरचा लिव्हर ओढू नका, जुन्या कॅमेऱ्यात तो अडकला तर अख्खं शटर अडकतं. बाजूचा दांडा फिरवला की रोलही पुढे जातो आणि शटरही भरतं, तो मऊ फिरला पाहिजे, जोर लागत असेल तर ठेवून द्या. मीटरलाही पाऱ्याचीच बॅटरी होती, त्याच्या मागे लागू नका, मोबाइलवर लाइट मीटरचं अॅप पुरतं. मी तर बहुतेक वेळा अंदाजानेच लावतो, चारशेचा रोल, कडक ऊन, १/५०० आणि एफ १६, आभाळ भरून आलं की एफ ५.६. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड खपवून घेते, कमी मात्र नाही, शंका आली की एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या.

मला हा अठ्ठावीस हजारांना पडला, सर्व्हिसिंग धरून. पहिला कॅमेरा म्हणून एवढे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खरा खर्च पुढे आहे. कलर रोल, धुलाई, स्कॅन धरून १२०चा एक एक फोटो मला शंभरी ओलांडून पडतो, पस्तीसचा त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून शिकायला पस्तीस, शिकताना फोटो वाया जाणारच आणि ते स्वस्तात गेलेले बरे. इलेक्ट्रोत रोल नीट अडकलाय का हे कळायला लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरतेय का बघायची, फिरत नसेल तर आत रोल जागेवरच आहे. सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल मिळतात, त्यातल्या काहींच्या मागे काळा थर असतो, तो साध्या कलर लॅबच्या मशीनला चालत नाही, देताना आधी सांगा.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुवायला शिका, पैसे वाचतातच पण रीळ टाकीतून बाहेर काढल्यावर ओल्या निगेटिव्हवर पहिल्यांदा चित्र दिसतं ना, तो क्षण दुसऱ्याला का द्यायचा. एचपी५ फिल्म आणि डी ७६ डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), २० अंशाला साडेसात मिनिटं. अडचण एवढीच की आपल्या नळाला मे महिन्यात २० अंशाचं पाणी येत नाही. मी बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करतो आणि तापमान उतरलं की मगच सुरू करतो. घाई करून ३० अंशाला धुतलेला एक रोल इतका कडक आलाय की पांढऱ्यात काही उरलंच नाही.

मॅट मी विकणार नाही. इलेक्ट्रो सध्या पुतणीकडे आहे, ती सतरा वर्षांची आहे, तिने पहिला रोल परळ ते दादर चालत एका रविवारी संपवला आणि छत्तीसपैकी एकवीस फोटो चांगले आले. पावसाळ्यापुरता तरी परत दे म्हटलं तर डबा आणि सिलिका जेल मागायला आली.