सिक्वेन्सिंगचं सॉफ्टवेअर बदललं: काही महिने एक्सलाइट्स वापरल्यानंतरचा अनुभव

घरावरच्या शोभेच्या दिव्यांनी गाण्याच्या तालावर कधी आणि कसं लागायचं-विझायचं हे आधीच कॉम्प्युटरवर मांडून ठेवायचं, त्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. त्यासाठी मी जुनं सॉफ्टवेअर सोडून एक्सलाइट्स (xLights) घेतलं. आधीच सांगते, जुनं वाईट होतं म्हणून सोडलं नाही. पैसे भरून घेतलेलं होतं, हात बसला होता, आणि साध्या ऑन-ऑफ-फेडवाल्या माळांसाठी ते आजही मस्त चालेल. पण घराच्या लायटिंगमध्ये पिक्सेल आले, म्हणजे डब्ल्यूएस २८११ चिपवाले, ज्यात एकेका बल्बचा रंग वेगळा ठरवता येतो, आणि तिथून सगळं गणितच बदललं. साध्या माळेला एक चॅनेल (म्हणजे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारी एक लाइन) पुरतो, पिक्सेलला लाल हिरवा निळा असे तीन लागतात. १०० पिक्सेलचं एक झाड केलं की ३०० चॅनेल गेले. जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स पायऱ्यापायऱ्यांचं, त्यामुळे नवीन काही लावायचं म्हटलं की आधी लायसन्स वाढवायचा विचार. एक्सलाइट्स फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पण खरं सांगू का, आता पूर्ण सीझन काढल्यावर मला ते फुकट आहे याचं फार वाटतच नाही, फरक दुसरीकडेच आहे.

जुन्यात मी चॅनेलचा तक्ता भरायचे. हा चौकोन चालू, तो बंद, इथून तिथपर्यंत फेड. एक्सलाइट्समध्ये आधी लेआउट करावा लागतो. घराचा फोटो मागे टाकायचा आणि त्यावर झाड, कमानी, खिडकीची चौकट, छताची कड असे एकेक मॉडेल ठेवायचे. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन संध्याकाळी त्यातच जातात आणि तोवर एकही इफेक्ट टाकलेला नसतो. पण ते नीट केलं ना की पुढे सॉफ्टवेअरला माहीत असतं कुठला बल्ब कुठे आहे.

उदाहरण देते. माझ्या झाडाची वायर पहिल्या दोरीत खालून वर जाते, दुसरीत वरून खाली येते, परत वर, अशी नागमोडी, कारण तशी लावली की वायर कमी लागते. तक्त्यात अशा झाडावर फिरती पट्टी काढायची म्हणजे एक दोरी सरळ मोजा, एक उलटी मोजा, डोक्याचं भजं. इथे मॉडेलला सांगितलं की इतक्या दोऱ्या, एका दोरीत इतके पिक्सेल, सुरुवात खालून डावीकडून, की संपलं. स्पायरल्स नावाचा इफेक्ट उचलून झाडाच्या ओळीत टाकला, दोन रंग दिले, आणि प्रिव्ह्यूत पट्टी सरळ गोल फिरायला लागते. फिरण्याचा वेग गाण्याबरोबर वाढवायचा असेल तर त्या स्लायडरला व्हॅल्यू कर्व्ह, म्हणजे वेळेप्रमाणे आकडा बदलत नेणारी रेघ, लावायचा. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

ग्रुपचंही तसंच. सगळं घर एका ग्रुपमध्ये घेऊन त्याचा बफर (इफेक्ट ज्या जागेवर पसरतो ती) 'पर प्रिव्ह्यू', म्हणजे लेआउटमधल्या जागेप्रमाणे, केला तर डावीकडून उजवीकडे जाणारी रंगाची लाट खरंच डाव्या खिडकीतून निघून झाडावरून उजव्या कमानीपर्यंत जाते. फक्त सिक्वेन्सरमधला क्रम सांभाळा. रेंडर, म्हणजे इफेक्टवरून प्रत्येक बल्बचा रंग काढणं, वरून खाली होतं आणि खालची ओळ वरच्यावर बसते, म्हणून मोठे ग्रुप वर आणि सुटे मॉडेल खाली ठेवायचे. हे उलटं असलं की इफेक्ट टाकलाय पण दिसत का नाही म्हणून माणूस वेडा होतो.

आता जुन्या सिक्वेन्सचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. इम्पोर्ट होतं. लाइट-ओ-रामा आणि जुनं व्हिक्सन या दुसऱ्या सिक्वेन्सिंग सॉफ्टवेअरच्या फाइल्स घेता येतात, समोर एक खिडकी येते, त्यात जुना चॅनेल कुठल्या नवीन मॉडेलला जोडायचा ते मॅप करायचं. पण माझं मत विचाराल तर त्यातून फक्त टायमिंग घ्या आणि इफेक्ट नव्याने करा. जुन्या सिक्वेन्समध्ये ऑन आणि रॅम्प (उजेड हळूहळू वाढवणं-कमी करणं) एवढंच असतं, ते पिक्सेलवर आणलं की सगळं झाड एका रंगात उघडझाप करतं आणि पिक्सेल घेतल्याचा उपयोगच राहत नाही. टायमिंगच्या खुणा मात्र सोन्यासारख्या, त्या आपण कान देऊन लावलेल्या असतात. नवीन गाण्याला क्वीन मेरीचे प्लगइन (गाणं तपासणारे जोड-प्रोग्रॅम) ठोका शोधून देतात, बऱ्याचदा चांगला देतात, पण संथ गाण्यात मी अजूनही गाणं चालू ठेवून कीबोर्डवरचं टी दाबत दाबत खुणा करते.

गाणाऱ्या चेहऱ्यांबद्दल, म्हणजे गाण्याबरोबर तोंड हलवणाऱ्या पिक्सेलच्या चेहऱ्यांबद्दल थोडं. गाण्याचे शब्द टाकायचे, सॉफ्टवेअर ओळी तोडून शब्द आणि शब्द तोडून उच्चार वेगळे करतं, एआय, ई, ओ, एमबीपी, एफव्ही असे तोंडाचे आकार असतात, त्याप्रमाणे चेहऱ्याचे पिक्सेल लागतात. इंग्रजी गाण्यात झकास. दुसऱ्या भाषेतले शब्द त्याच्या डिक्शनरीत नसतात, ते आपणच भरायचे. वेळ जातो, पण एकदा भरलेला शब्द पुढच्या गाण्यातही चालतो. 'प' आणि 'म'ला ओठ मिटले की लांबून बघणाऱ्याला चेहरा खरंच गातोय असं वाटतं, बाकीचे आकार थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जातात.

कंट्रोलरच्या, म्हणजे पिक्सेलना डेटा पाठवणाऱ्या बोर्डाच्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवा. ई १.३१ मध्ये (नेटवर्कवरून दिव्यांचा डेटा पाठवायची पद्धत) एका युनिव्हर्सला, म्हणजे चॅनेलच्या एका गठ्ठ्याला, ५१२ चॅनेल, म्हणजे १७० पिक्सेल. दुसरा आकडा फ्रेमचा, म्हणजे किती वेळाने सगळ्या पिक्सेलना नवीन रंग जातो त्याचा. या चिपला एका पिक्सेलचा डेटा पाठवायला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे २५ मिलीसेकंदाची फ्रेम, म्हणजे सेकंदाला ४०, ठेवायची असेल तर एका पोर्टवर ८०० च्या आसपास पिक्सेलच बसतात. जास्त हवे असतील तर ५० मिलीसेकंदावर या, बहुतेक इफेक्टमध्ये डोळ्याला फरक कळत नाही, झपाट्याने धावणाऱ्या पट्टीत मात्र कळतो. कुठला प्रॉप (झाड, कमान अशी सजावटीची वस्तू) कुठल्या पोर्टवर हे एक्सलाइट्समध्ये ओढून ठेवायचं आणि तिथूनच कंट्रोलरला अपलोड करायचं, दोन ठिकाणी आकडे भरायची कटकट गेली. लाल सांगितलं आणि हिरवा लागला तर त्या मॉडेलची कलर ऑर्डर बदला, वायर उपसू नका. आणि ब्राइटनेस ३०-४० टक्क्यांवर ठेवून बघा, रात्री तेवढा भरपूर होतो, पॉवर सप्लायवरचा ताणही उतरतो.

शो चालवायला रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर आणि त्यावर एफपीपी, म्हणजे फाल्कन प्लेयर हे शो वाजवणारं सॉफ्टवेअर. सिक्वेन्स रेंडर झाला की एफएसईक्यू फाइल बनते, त्यात प्रत्येक फ्रेमला प्रत्येक चॅनेलची किंमत आधीच लिहिलेली असते, ती एक्सलाइट्समधल्या एफपीपी कनेक्टने रास्पबेरी पायवर पाठवायची आणि वेळापत्रक तिथेच लावायचं. आधी संध्याकाळभर कॉम्प्युटर अडकून पडायचा, आता तो बंद असतो, मी बाहेरगावी असले तरी शो वेळेवर सुरू होतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पर्याय इतके आहेत की पहिले काही आठवडे बावरायला होतं. प्रॉप वाढले की रेंडरला रॅम लागते, जुन्या लॅपटॉपवर सेव्ह दाबून उठून जावं लागतं. नवीन व्हर्जन वर्षभर सारखी येत राहतात, सीझनच्या तोंडावर मी अपडेट अजिबात करत नाही.

ज्याच्याकडे आठ-दहा साध्या माळा आहेत आणि वाढवायच्या नाहीत, त्याने उगाच बदलू नये. पिक्सेल घेणार असाल तर मात्र सीझन संपल्यावर लगेच सुरू करा, एकच प्रॉप आणि एकच गाणं घेऊन. आणि शो फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवाच, विशेषतः एक्सलाइट्स_नेटवर्क्स आणि एक्सलाइट्स_आरजीबीइफेक्ट्स या दोन फाइल्स, कारण कंट्रोलर आणि अख्खा लेआउट त्यातच असतो.