जावानीज की पश्तो: मराठी माणसाने कोणती शिकावी?

जावानीज ही इंडोनेशियातल्या जावा बेटावरची भाषा, पश्तो अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या पठाणांची. लिपीत जावानीज सोपी, आज ती बहुतेक रोमनमध्येच लिहितात. पश्तो अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून शब्द आधी कानावर पडलेला हवा. ट, ड, ण मात्र आपल्याला आयते.

पश्तोचं व्याकरण अवघड म्हणतात, पण ते इंग्रजीवाल्यांना. 'मा डोडई वख्वडा' म्हणजे 'मी भाकरी खाल्ली': भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे, अगदी आपल्यासारखं. लिंगं दोनच.

जावानीजला लिंग नाही, 'मी-तू-तो'प्रमाणे क्रियापदही सहसा बदलत नाही. खरी मेख आदराची. मित्र खातो ते 'मङन', वडीलधारे जेवतात ते 'डहर'; प्रत्यय नव्हे, शब्दच वेगळा. नवशिके हमखास 'डहर' स्वतःसाठीच वापरतात, म्हणजे 'मी जेवायला बसलेत' म्हटल्यासारखं! शब्दांच्या अशा शेकडो जोड्या पाठच कराव्या लागतात.

जावातल्या योग्यकार्ता किंवा सोलो शहरात घरोब्याने राहायचं असेल तर जावानीज. जकार्तात नुसती नोकरी असेल तर इंडोनेशियन पुरते. पठाणी मुलखातल्या माणसांशी बोलायचं तर पश्तो, पण बोली आधी ठरवा: पेशावरचा 'पख्तो' म्हणतो, कंदाहारचा 'पश्तो'.