वॉशबेसिनमधला रेझर

'अ थीफ इन द नाइट', १९७२, इंग्रजी, ६९ मिनिटं, डीव्हीडी. दिग्दर्शक डोनाल्ड थॉम्पसन.

ही डीव्हीडी मी विकत घेतली नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांनी आणून दिली. मी आयोवातल्या डे मॉइनमध्ये एका विमा कंपनीच्या जुन्या सिस्टिम्स सांभाळते. मी नगरची ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "मग तू तो पाहिला असशीलच?" मला नावही माहीत नव्हतं. "आपल्याच गावच्या लोकांनी काढलाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी डबा माझ्या टेबलावर होता.

सोबत त्यांची गोष्टही आली. नऊ वर्षांचे असताना चर्चच्या तळघरात प्रोजेक्टर लावून मुलांना हा सिनेमा दाखवला होता: येशूवर खरा विश्वास ठेवणारे एका सकाळी एकाएकी नाहीसे होतात आणि बाकीचे मागे राहतात, असा. पुढे काही दिवसांनी शाळेतून घरी आले, तर मागचं दार उघडं, शेगडीवर पातेलं आणि घरात चिटपाखरू नाही. आईला हाक मारली, उत्तर नाही. मग या मुलाने काय करावं? चर्चमधल्या सगळ्यांत भाविक म्हातारीला फोन लावला. ती जाग्यावर असेल तर अजून काही झालेलं नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि याने फोन ठेवून दिला. आई शेजारणीकडे गेली होती.

जानेवारीतला शनिवार होता, बाहेर गुडघाभर बर्फ. आई सहा महिन्यांसाठी नगरहून आलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून सोफ्यावर. मिशनच्या शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे शास्त्रातल्या ओळी तिला पाठ आणि चूक काढायची सवयही तशीच पक्की.

सिनेमाची सुरुवात अजून अंगावर येते. घड्याळाची टिकटिक. पॅटी नावाची तरुण बाई झोपेतून उठते. रेडिओवर बातमी: लाखो माणसं एकाएकी नाहीशी झाली. ती नवऱ्याला हाका मारत बाथरूमशी जाते. तो नाही. त्याचा इलेक्ट्रिक रेझर वॉशबेसिनमध्ये पडलेला, तसाच घुर्र घुर्र चाललेला.

"अगं, ते बंद कर आधी," आई पडद्याकडे पाहून म्हणाली, "शॉर्ट होईल."

मी हसले, पण खरं सांगते, दोन दिवस मला तो आवाज ऐकू येत होता. ना रक्त, ना राक्षस. एक चालू रेझर, एवढ्यावर या माणसांनी काम भागवलंय. निर्माता रसेल डाउटन १९५८ च्या 'द ब्लॉब' या भयपटाच्या निर्मितीत होता. माणसाला कशाने दचकवायचं हे त्याला आधीच ठाऊक होतं. पुढे आयोवात येऊन त्याने थॉम्पसनबरोबर मार्क फोर पिक्चर्स ही कंपनी काढली आणि ६०-७० हजार डॉलरांत हा सिनेमा उभा केला. थिएटरांच्या नादी न लागता तो रिळांनी चर्चेसमध्ये फिरला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आहे की प्रभूचा दिवस रात्रीच्या चोरासारखा येईल. सिनेमाचं नाव तिथलं. त्याच पत्रात विश्वासणारे मेघांत उचलले जातील असंही आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, 'प्रकटीकरणा'त, श्वापद आणि त्याची खूण आहे. हे सगळं ओळीने लावून, 'आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जाणार, मग मागे उरलेल्यांवर सात वर्षांचं संकट' असं वेळापत्रक जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने १८३० च्या सुमाराला मांडलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी ते अमेरिकेत घरोघर नेलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या हे वेळापत्रक मानत नाहीत. आम्हीही नाही. रविवारच्या शब्बाथ शाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

सिनेमात लॅरी नॉर्मनचं १९६९ चं गाणं आहे, मागे राहिलेल्यांबद्दलचं. चाल इतकी मऊ की अंगाईच वाटावी. ते संपल्यावर मी आईला मत्तयाच्या शुभवर्तमानातली ओळ आठवून दिली, जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. ही म्हणाली, "मग उरलेलीने एकटीनेच ओढायचं का?" लहानपणी ती आजीसोबत जात्याला बसलेली आहे. तिला आकाशात गेलेलीपेक्षा दळणाची काळजी.

मधला भाग कच्चा आहे. नट बहुतेक हौशी, संवाद पाठ केल्यासारखे. पॅटीचं काम करणारी पॅटी डनिंग मात्र घाबरल्यावर खरीच घाबरलेली दिसते. सिनेमातल्या पॅटीच्या नवऱ्याला, जिमला, नाग चावतो. आयोवात नाग कुठला हे विचारू नका, सिनेमाने सोय केली आहे. मरणाच्या दारातून परतल्यावर तो विश्वासाकडे वळतो. "आमच्याकडे आधी मांत्रिक, मग मिशन हॉस्पिटल," इति आई.

खूण येते तिथे मी ताठ बसले. युनाइट नावाचं जागतिक सरकार येतं आणि प्रत्येकाच्या हातावर किंवा कपाळावर ठसा मारू लागतं: ०११०, तीनदा. मी दिवसभर असल्याच आकड्यांत असते, म्हणून लगेच कळलं. बायनरीत ०११० म्हणजे ६. तीन वेळा ६, म्हणजे 'प्रकटीकरणा'तल्या श्वापदाचा आकडा, ६६६. घरोघरी कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी कुणाला तरी हे सुचलं, याची मला व्यावसायिक दाद द्यावीशी वाटते. ठसा नसेल तर काही विकत घेता येत नाही.

"म्हणजे रेशनसारखं," आई म्हणाली. तिच्या बोटांच्या रेषा खडूने आणि भांड्यांनी झिजल्यात, मशीनवर अंगठा लागत नाही. दोनदा रिकाम्या पिशवीने परत आली आहे. त्यावर ती कधी श्वापदाचं नाव घेत नाही, दुकानदाराचं घेते.

माझं खरं भांडण सिनेमातल्या चर्चच्या पाळकाशी, म्हणजे त्याला जसा रंगवलाय त्याच्याशी आहे. पॅटी काही नास्तिक नाही. नियमाने चर्चला जाते, अधूनमधून बायबल वाचते. पण तिचा पाळक मनापासून विश्वास न ठेवणारा, शास्त्राचा शब्दशः अर्थ न घेणारा, आणि म्हणून तीही फसली, असं गणित आहे. तो बोलायला लागला तशी आई म्हणाली, "हा तर आपल्या पाळकसाहेबांसारखाच बोलतोय." खरंच. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. त्या परंपरेतले आमचे पाळक 'प्रकटीकरण' रोमी छळातल्या लोकांना धीर देणारं पुस्तक म्हणून शिकवायचे. उपासनेत आम्ही नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतो, त्यांत ख्रिस्त माउली आहे. या सिनेमाच्या हिशेबाने आमचं अख्खं देऊळ मागे राहणार: पेटीवाले, तबलावाले, आई, सगळे. माउली सकाळी सकाळी न सांगता निम्मी पोरं उचलून नेते आणि उरलेल्यांना रेडिओवर कळतं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

पाठलागाचा भाग पळवत पाहिलात तरी चालेल. गाड्या, हेलिकॉप्टर, पूल. पुढचं वाक्य शेवट फोडणारं आहे. पुलावर मैत्रीण आणि तिचा नवरा पॅटीला गाठतात, ती खाली पडते आणि बिछान्यात जागी होते. स्वप्न! आपण सुस्कारा सोडतो, तोच रेडिओ तीच बातमी सांगू लागतो. पुन्हा बाथरूम, पुन्हा हाका. ही युक्ती येणार हे मला दिसत होतं, तरी पोटात गोळा आला.

तुलनेसाठी दुसऱ्या दिवशी याच विषयावरचा निकोलस केजचा २०१४ चा 'लेफ्ट बिहाइंड' पाहिला. खर्च १ कोटी ६० लाख डॉलर. विमानात प्रवासी नाहीसे होतात, सीटवर कपड्यांचे ढीग राहतात, आणि मग इंधन संपत आलेलं विमान उतरवायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो. आई अर्ध्यात घोरायला लागली.

चित्र दाणेदार आहे, रंग उडालेले, आवाज डब्यातून आल्यासारखा. सबटायटल्सशिवाय आईला निम्मं मीच सांगत होते. मोठ्यांनी, भयपटाची आवड असलेल्यांनी आणि अमेरिकेतल्या चर्चला जाणाऱ्या माणसांच्या मनात काय बसलंय हे समजून घ्यायचं असलेल्यांनी जरूर पाहावा. बारा वर्षांखालच्या मुलांना अजिबात दाखवू नका. चर्चमध्ये तर नाहीच, कारण तिथे 'हा फक्त सिनेमा आहे' असं त्यांना सांगणारं कुणी नसतं.

याचे पुढचे तीन भाग आहेत, १९७८, १९८१ आणि १९८३ चे. दुसऱ्यात गिलोटिन आहे, असं सांगितल्यावर आई म्हणाली, "मग नको. भाकरीचं पीठ संपलंय, ते बघ."

सोमवारी डबा परत न्यायला घेतला, सोबत आईच्या हातचा चिवडा. गृहस्थांनी चिवडा घेतला. डीव्हीडी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ती राहू दे तुझ्याकडेच. मला घरात नकोय." आता ती माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरखाली आहे.