डीव्हीडीचा आवाज टीव्हीतून न्यावा की थेट होम थिएटरला?

लग्नाच्या डीव्हीड्या अन् झाडीपट्टीच्या नाटकांच्या सीड्या कपाटात असतील, तर नवा टीव्ही आला म्हणून प्लेअर मोडीत काढू नका. तारा कशा जोडायच्या हे ठरवताना आधी होम थिएटरची मागची बाजू पाहा.

तिथे ‘एचडीएमआय इन’ असेल तर प्लेअर होम थिएटरला आणि होम थिएटर टीव्हीला जोडा. चित्र-आवाज एकाच तारेतून जातात, ५.१ आवाजही (पाच स्पीकर अन् एक बास, सगळ्यांचा वेगवेगळा) शाबूत राहतो. अडचण एकच: काही मॉडेलांत होम थिएटर बंद असलं की टीव्हीवर चित्रच येत नाही.

पण खेड्यात बहुतेकांकडे असतो बाजारात असेंबल केलेला सेट, मागे फक्त लाल-पांढरी पिन घालायची जागा. अशा वेळी चित्र एचडीएमआयने टीव्हीला द्या आणि आवाज प्लेअरमधूनच लाल-पांढऱ्या पिनांनी थेट सेटला. टीव्हीला मधे घेऊन इथे काही हाती लागत नाही. मात्र प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डाउनमिक्स’ (सगळे चॅनेल कमी चॅनेलांत मिसळणं) स्टिरिओवर, म्हणजे दोन चॅनेलवर ठेवा. ते ५.१ वर राहिलं तर मधल्या स्पीकरचा आवाज कुठेच पोचत नाही. सिनेमातलं गाणं दणक्यात वाजतं अन् संवाद पुटपुटल्यासारखे येतात. लोक उगाच स्पीकर बदलत बसतात! ओठ मागे अन् आवाज पुढे वाटला, तर टीव्हीचा गेम मोड लावून बघा.

सगळं टीव्हीला जोडून टीव्हीतून ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी तार) किंवा एआरसीने (एचडीएमआयच्याच तारेतून आवाज टीव्हीकडून होम थिएटरला परत येतो) आवाज काढणं सोयीचं खरं. डिश, यूट्यूब, डिस्क, सगळ्यांचा आवाज एकाच वाटेने येतो. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलं. ते टीव्ही आणि होम थिएटर दोन्हींवर असावं लागतं. शिवाय प्लेअरकडून आलेला ५.१ आवाज बरेच टीव्ही ऑप्टिकलमधून दोनच चॅनेलचा करून सोडतात. डिस्कपेक्षा डिशच जास्त चालत असेल त्या घराने ही जोडणी घ्यावी. माझं मत विचाराल तर डिस्कसाठी नाही.

जुन्या प्लेअरला एचडीएमआय नसेल तर पिवळी पिन. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडीचं चित्र मुळात ७२०×५७६ चं, त्यात पिवळ्या तारेत उजेड आणि रंग एकत्र कालवले जातात. लाल शालूची कड पसरते ती त्यामुळेच. दोन्हीकडे हिरवी-निळी-लाल कंपोनंटची सोय असेल तर ती बरी. काही टीव्हींत पिवळी पिन हिरव्या भोकातच घालायची असते. चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीत इनपुट ‘कंपोनंट’ऐवजी ‘एव्ही’ निवडा. टीव्हीला एकच बारीक भोक असेल तर त्याच कंपनीची एव्ही तार घ्या, कारण आतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते.

लाईन गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सेटमधून घुंऽऽ आवाज आला, तर तारेला दोष देऊ नका. अन् मृगात वीज कडाडायला लागायच्या आत प्लग आणि डिशची तार, दोन्ही काढून ठेवा.