टोमॅटो टायमर, तुळशीबाग, 220 रुपये

तुळशीबागेत एका भांड्यांच्या दुकानात चाळण्या नि झाऱ्यांच्या मधे लटकत होता, लाल प्लॅस्टिकचा टोमॅटो, वर हिरवा देठ. 250 सांगितले, 220 ला दिला. बॉक्सवर कंपनीचं नावगाव काही नाही. सेल लागत नाही, वरचा अर्धा टोमॅटो फिरवला की चावी बसते, जास्तीत जास्त 60 मिनिटं लावता येतात, वेळ संपली की ट्रिंग. सगळे कुकर-केकसाठी घेतात, मी घेतला चालढकलीसाठी.

का ते सांगते. 2024 ला मी आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचा रिटर्न, 31 जुलैच्या आत भरला नाही. आदल्या वर्षी मधेच नोकरी बदललेली त्यामुळे फॉर्म 16 (पगाराचा नि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) दोन, दोन्ही मेलमध्ये आलेले, आणि वेळ नव्हता म्हणावं तर त्याच जुलैत मी माळा आवरला, लोणच्याच्या बरण्या धुतल्या, चुलत नणंदेच्या लग्नाचे फोटो वर्षवार लावले. फक्त पोर्टलवर लॉगिन करायचं म्हटलं की पोटात गोळा, दोन कंपन्यांचा हिशोब जुळेल का, वरून टॅक्स निघाला तर किती, जाऊदे रविवारी बघू. असे चार रविवार. मग 5000 लेट फी, आणि उशिरा भरलं की जुनी टॅक्स रिजीम घेता येत नाही हे तेव्हा कळलं, म्हणजे पीपीएफ, घरभाडं सगळ्याची वजावट गेली ती वेगळीच.

नंतर यावर जरा वाचलं. टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉय म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2013 मध्ये मांडलंय की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा नाही, भावनांचा प्रकार आहे, काम समोर आलं की जे नकोसं वाटतं ते आत्ताच्या आत्ता घालवायला माणूस दुसरीकडे वळतो. माझा माळा तेच होता! आळशी माणूस भर जुलैत माळा आवरेल का, तुम्हीच सांगा.

आणि टोमॅटो का, तर फ्रान्चेस्को चिरिल्लो हा इटालियन 1980 च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना अभ्यास होईना म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोचा टायमर घेऊन बसला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ती पोमोडोरो पद्धत, 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी, असं चारदा झालं की मोठी सुट्टी. पण त्याने स्वतःशी लावलेली पहिली पैज 10 मिनिटांचीच होती आणि माझ्यासाठी खरी कामाची गोष्ट तीच निघाली. 25 मिनिटं आयटीआर म्हटलं की हात थिजतो, 10 मिनिटं काय कोणीही बसेल.

2025 ला तर सरकारनेच मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबर केली. चालढकल्या माणसाला याहून वाईट गिफ्ट नाही. तरी ऑगस्टमध्ये एका सकाळी टोमॅटो फिरवला, पहिल्या 10 मिनिटांत फक्त लॉगिन आणि एआयएस (टॅक्स खात्याकडे असलेली आपल्या वर्षभराच्या कमाईची यादी) डाउनलोड, एवढंच ठरवलं होतं. ट्रिंग झालं तेव्हा मी एफडीचं व्याज जुळवत होते, उठावंसं वाटेना, परत फिरवला. चार टोमॅटोत रिटर्न भरून आधार ओटीपीने ई-व्हेरिफायसुद्धा झालं.

आता वस्तूबद्दल. 10 मिनिटं लावायची तर आधी बरंच पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर चावी पुरेशी बसत नाही नि शेवटी घंटी वाजतच नाही, हे दुकानदार सांगत नाही. वेळ अचूक नाही, माझा 25 च्या जागी 24 ला वाजतो. टिकटिक मोठी आहे, मला आवडते, कोणीतरी शेजारी बसलंय असं वाटतं, पण एकदा मीटिंगमध्ये माईक चालू राहिला आणि मॅनेजरने विचारलं की घड्याळ कुठे वाजतंय. मोबाईलमधलं ॲप फुकट आहे हो, पण टायमर लावायला फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सॲप दिसतं आणि अर्धा तास तिथेच जातो. याच्यात बघण्यासारखं काहीच नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

कुठे चालत नाही तेही सांगते. काम नक्की काय ते माहीत नसेल तर उपयोग शून्य, "घराचे कागद बघायचे" म्हणून टोमॅटो लावून मी 10 मिनिटं फायलीकडे बघत बसले. "इंडेक्स 2 ची झेरॉक्स शोधायची" (म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा) असं चिठ्ठीवर लिहिलं तेव्हा कपाट उघडलं. आणि एका नातेवाईकांना पैशांबद्दल फोन करायचाय, दीड वर्ष झालं, त्याच्यापुढे टोमॅटोसुद्धा हरला.

10 पैकी 7. एक गुण घंटीचा कापला, एक मिनिटाचा, एक सासूबाईंचा, कारण त्यांनी इडलीला 12 मिनिटं लावायला तो नेला आणि आता तो ओट्यावरच असतो. मागितला की "थांब गं, घाणा उतरू दे". दुसरा आणायला गेले तर टोमॅटो संपलेले, फक्त कोंबडी होती. म्हटलं ही स्वयंपाकघरात ठेवू, टोमॅटो मला द्या, तर आमच्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, ओट्यावर कोंबडी चालणार नाही म्हणाल्या. कोंबडी माझ्या टेबलावर आहे, बरोब्बर 25 ला वाजते.